न्युमोनियाची भावकी

आमच्या घरात अंगारा चालत नाही. लिंबू-मिरची चालत नाही, ताईत चालत नाही, आणि कुणी दृष्ट काढायचं नाव जरी काढलं तरी माझे सासरे असे बघायचे की त्या माणसाचीच दृष्ट काढायची वेळ यावी. हॉलमध्ये दोन तसबिरी, दोन्हींना रोज ताजा हार, आणि त्यांच्याखाली खुर्ची टाकून बसलेल्या सासऱ्यांचं ठरलेलं वाक्य: "या घरात फक्त विज्ञान चालतं." म्हणून आमच्याकडे मशीन होतं.

मशीन म्हणजे नेब्युलायझर. छाती भरली की त्याच्या छोट्या कपात औषधाची कुपी ओतायची, बटण दाबायचं, आणि घरघर करत मास्कमधून येणारं औषधाचं धुकं ओढत बसायचं. वर्तकनगरात आमच्या कॉलनीच्या बाजूच्या इमारती पुनर्विकासासाठी पाडायला घेतल्या तेव्हा धुळीने सगळेच खोकायला लागले, म्हणून नवऱ्याने ते आणलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आळीपाळीने मास्क लावून बघितला. ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांनासुद्धा फार बरं वाटलं.

महिन्याभरात ते आमचं राहिलं नाही, भावकीचं झालं. डोंबिवलीच्या नणंदेकडे कुणी शिंकलं, मशीन निघालं. कळव्याच्या चुलत दिरांकडे पाहुण्याला दम लागला, मशीन हजर. सासूबाईंनी त्याला जुन्या साडीची पिशवी शिवली होती. लोक एकमेकांना जेवलात का विचारतात, त्या विचारायच्या, "मशीन पाठवू का?" नाही म्हणणाऱ्याचा त्यांना राग यायचा. दुसऱ्याच्या ताईताला हसणाऱ्या आमच्या घराण्याने ते मशीन गंडादोऱ्याच्या श्रद्धेने फिरवलं, फक्त या गंड्याला प्लग होता.

त्याच्या देखभालीचेही नियम होते. बाहेरून ते चष्म्याच्या फडक्याने पुसायचं. आतून धुवायचं नाही, कारण ते "इलेक्ट्रिकचं" आहे. कपाला वीज लागत नाही, तो वेगळा निघतो, तो गरम पाण्यात घालायचा असतो, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "बिघडलं तर तू देशील आणून?" विषय संपला. आणि शेवटचा नियम तर मशीनच्याही आधीचा: कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मशीन गेलेल्या पिशवीतून कधी जवळा यायचा, कधी चिवडा, कधी वालाच्या शेंगा.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या थुंकीतून, लघवीतून, रक्तातून काय वाढतं ते बघणं हे माझं काम. लग्न ठरताना सासऱ्यांनी हे भावकीत अभिमानाने सांगितलं होतं. सासूबाई सांगताना "लॅबमध्ये असते" एवढ्यावर थांबायच्या. तरी घरात कुणाला ताप आला की माझं मत विचारलं जायचं. ते ऐकलं जायचं नाही, पण विचारलं जायचं, आणि एवढा मान सुनेला पुष्कळ झाला.

सासूबाईंची धाकटी बहीण आंबिवलीला राहायची. आमची मावशी. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची, तरी हसू थांबायचं नाही. मला या सासरात जर कुणी पहिल्या दिवसापासून आपलं मानलं असेल तर तिने. पित्ताशयाचं ऑपरेशन करून ती कल्याणच्या हॉस्पिटलातून घरी आली ती खोकला घेऊनच. सासऱ्यांना एकटं टाकून सासूबाईंना निघता येईना, म्हणून त्यांनी लगेच मशीन पाठवलं. मीही एका रविवारी जाऊन आले, मोसंबी घेऊन. मावशीला बरं वाटत होतं. मशीन तिने माझ्यासोबत दिलं नाही, "भाच्याबरोबर नीट पाठवते" म्हणाली, आणि तसं पाठवलंही; तो दारातूनच पिशवी देऊन गेला.

पुढच्याच आठवड्यात तिला परत ॲडमिट केलं. न्युमोनिया. त्याच आठवड्यात इकडे सासऱ्यांना ताप चढला आणि आमच्या हॉस्पिटलात आणावं लागलं. न्युमोनिया. मावशीच्या थुंकीची तपासणी कल्याणला रेंगाळत होती म्हणून मीच म्हटलं, बाटली आमच्याकडे पाठवा. अशा रीतीने घरातली दोन माणसं एकाच सकाळी माझ्या टेबलावर येऊन बसली, शेजारी शेजारी, जंतू वाढवायच्या दोन प्लेटांमध्ये.

दोन्हींवर एकच थाट. गुलाबी, फुगीर, चिकट ठिपके, आणि लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, उचलले तर गुळाच्या पाकासारखी तार धरणारे. क्लेब्सिएला. याच्याशी माझी रोजची ओळख. मग आम्ही औषधांच्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. दुसऱ्या दिवशी प्लेटवर गोलच नव्हते. एकामागून एक भारी औषधं ठेवली आणि हे आपले प्रत्येकाच्या अंगणात जाऊन बसलेले. शेवटच्या एका जुन्या, मूत्रपिंडाला न मानवणाऱ्या औषधापुढे तेवढे ते जरा दबले. सासऱ्यांना ते सुरू झालं. मावशीला सुरू होईपर्यंत उशीर झाला होता. ती गेली. मी लॅबच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले आणि डोळे धुऊन सासऱ्यांना भेटायला वर गेले, कारण त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

आता आमच्या भावकीला सायन्स सुचलं. मावशीचं कार्य झालं त्या दिवशी डोंबिवलीच्या नणंदेने मला बाजूला घेतलं. "वहिनी, वाईट नको वाटून घेऊस हां, पण तू दिवसभर त्या जंतूंमध्येच हात घालून बसतेस ना?"

"हात नाही घालत. ग्लोव्ह्ज असतात."

"तेच गं. पण मावशीला पण तू भेटायला गेलेलीस. आणि पप्पांजवळ तर रोजच असतेस. दोघांकडे जाणारी तू एकटीच, म्हणून म्हटलं."

तिने कधी कुणाला सरळ काही म्हटलेलं नाही. ती फक्त "म्हणून म्हटलं" म्हणते. संध्याकाळपर्यंत ते आंबिवलीहून कळव्याला पोचलं होतं. आमच्या भावकीत लग्नाच्या पत्रिका पोचत नाहीत, पण हे पोचलं.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर दाराबाहेर माझ्यासाठी बादली आणि साबण. पाय धुऊन आत. टॉवेल वेगळ्या दोरीवर. ठीक आहे म्हटलं, हात-पाय धुतलेले चांगलेच. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर फडताळात खाली, एका बाजूला, एकटाच एक स्टीलचा ग्लास. त्यावर लाल ठिपका. नेलपॉलिशचा. नेलपॉलिशही माझंच, माझ्याच ड्रॉवरमधून काढलेलं. घरखर्चात बचत असावी तर अशी.

"हे काय, आई?"

सासूबाई भाजी चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यात नाही का करत वेगळं? तसंच. शास्त्रच आहे ते."

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "थोडे दिवस. आईची मनःस्थिती बघ ना. बहीण गेलीय तिची." माझा नवरा सगळ्यांची मनःस्थिती बघतो. त्याला बघायला घर मोठं आहे.

मला राग कसला आला ते सांगायला हवं. ग्लासचा नाही. त्या घरात तो ग्लास होता याचा. माझे सासरे पालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या गावात, ते पोर असताना, हॉटेलच्या मागे एका खांबाला कानतुटका कप टांगलेला असायचा. आमच्या लोकांनी त्यातच चहा घ्यायचा, आपणच विसळायचा, आपणच टांगायचा. ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक पोराने, प्रत्येक सुनेने ऐकलेली आहे. गोष्टीचा शेवटही ठरलेला. "मग मी ठाण्यात आलो," सासरे म्हणायचे, "आणि ज्यांनी आम्हाला विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांच्या अख्ख्या वस्तीच्या पाण्याची चावी माझ्या हातात आली. मी कुणाचं पाणी एक दिवस बंद केलं नाही." आणि आता त्यांच्याच फडताळात कानतुटका कप आला होता. स्टीलचा, म्हणजे प्रगती झालीच म्हणायची.

मी ओरडले असते. माझा स्वभाव घरात सगळ्यांना माहीत आहे. ओरडले नाही, कारण रात्रंदिवस एकच गोष्ट मला खात होती: यांचं खरं असेल तर?

त्याला कारण होतं. आमच्या अतिदक्षता विभागात एक क्लेब्सिएला मुक्कामाला आहे. नळावर, बेडच्या दांड्यावर, कुठे ना कुठे सापडतोच. कितीही पुसा, भाडेकरू जागा सोडत नाही. तो माझ्या टेबलावर वर्षभर येत होता. आणि तो कोणकोणत्या औषधांना दाद देत नाही ते मी सासऱ्यांच्या प्लेटशी ताडून बघितलं तर दोघांचं तंतोतंत एक. ज्याला तो जुमानत नाही त्याला हाही जुमानत नाही. सोयरीक जमवताना एवढं जुळलं असतं तर मुलाच्या बापाने तिथेच नारळ फोडला असता. ओढणीवरून गेला असेल? मोबाईलवरून? मोसंब्यांवरून? सासऱ्यांच्या कपाळावर मी रोज हात ठेवत होते. मग ठेवायचा बंद केला. त्यांच्या लक्षात आलं. ऑक्सिजनच्या मास्कमधून बोलता येत नव्हतं, नुसते बघत राहिले.

आमच्या विभागप्रमुख मॅडमना मी सांगितलं. त्या कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा चहा थंड होतो. त्यांचा एक अभ्यास चालू होता: औषधांना न जुमानणाऱ्या न्युमोनियाच्या जिवाणूंचं आपसातलं नातं काय. त्यासाठी नमुने मुंबईतल्या एका संस्थेत जात. तिथे जिवाणूच्या जनुकांतलं अक्षर न् अक्षर वाचतात, मग दोघांची अक्षरं शेजारी ठेवून फरक मोजतात. फरक पुष्कळ, तर नातं लांबचं. फरक जवळपास नाहीच, तर सख्खे, एकाच आईचे, आणि ताटातूटही नुकतीच झालेली. मॅडमनी सासऱ्यांचा, मावशीचा आणि आमच्या मुक्कामी भाडेकरूचा नमुना त्यात घातला.

"औषधांचं जुळतं म्हणून नातं असेलच असं नाही," त्या म्हणाल्या. मला वाटलं, समजूत काढतायत.

निकाल आला तेव्हा मॅडमनी मला स्क्रीनसमोर बसवलं. वंशवृक्ष होता. आमच्या लोकांकडे कागदोपत्री वंशावळ आजोबांच्या पुढे जात नाही. या जंतूंची मात्र पार मूळ पुरुषापर्यंत. एका टोकाला आमचा भाडेकरू आणि त्याचं गणगोत. सासऱ्यांचा त्यात नव्हता. तो पार दुसऱ्या फांदीवर, दुसऱ्या कुळातला.

"मग औषधांचं कसं जुळलं?"

मॅडमनी दाखवलं. औषधांना हरवण्याचा मंत्र या जंतूंकडे एका सुट्या, गोल तुकड्यावर असतो, आणि तो तुकडा ते एकमेकांना देतात. सख्ख्याला, परक्याला, दुसऱ्या कुळातल्यालासुद्धा. जात विचारत नाहीत, पत्रिका बघत नाहीत, नुसते शेजारी आले की देऊन मोकळे. दोन परक्या कुळांकडे एकच तुकडा होता, म्हणून मला ते भाऊ वाटले. आमच्या देशात जे इतक्या थोर माणसांना जमलं नाही ते क्लेब्सिएलाने गाजावाजा न करता करून टाकलेलं बघून मी हसले. खूप दिवसांनी हसले, आणि मग रडले, आणि मॅडमचा चहा थंड झाला.

पण त्यांनी स्क्रीनवरचं बोट उचललं नव्हतं. सासऱ्यांच्या ठिपक्याला चिकटूनच दुसरा ठिपका होता. मावशीचा. दोघांच्या अक्षरांत फरक जवळजवळ नव्हताच. सख्खे. म्हणजे आंबिवलीहून वर्तकनगरला कुणीतरी ते नेलं होतं.

सासरे गुडघ्यांमुळे कित्येक महिन्यांत जिना उतरले नव्हते. मावशी ऑपरेशननंतर घराबाहेर पडली नव्हती. दोघांकडे जाणारी मी एकटीच. नणंदेचं गणित बरोबर होतं आणि आता त्याला वंशवृक्षाचा आधारही होता. लॅबमधून सुटका झाली ती मोसंब्यांच्या पिशवीत अडकायला.

घरी आले. दाराबाहेर पाय धुतले. बेडरूममध्ये कपडे काढायला कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात जुन्या साडीची पिशवी. मी तिच्याकडे बघत तशीच जमिनीवर बसले. दोघांकडे जाणारी मी एकटी नव्हतेच. आमच्यात आणखी एक होतं आणि त्याला कुणी बाहेर पाय धुवायला लावले नव्हते.

मशीन बाहेरून आरशासारखं चकचकीत होतं. कपाच्या तळाशी थोडं औषध अजून साचलेलं होतं, गढूळ, बोटाला चिकट लागावं असं. दुसऱ्या दिवशी मी कप प्लास्टिकमध्ये गुंडाळून लॅबमध्ये नेला. उगवलं. गुलाबी, फुगीर, तार धरणारं. मॅडमनी ते पुढच्या खेपेत पाठवलं आणि मी घरात तोंड मिटून बसले. निकाल हातात आल्यावर काय बोलायचं ते मी रोज बसमध्ये घोळवायचे. भाषण चांगलं झालं होतं. त्यात नणंदेसाठी वेगळा भाग होता, नवऱ्याच्या मनःस्थितीसाठी वेगळा, आणि शेवट ग्लास टेबलावर आपटून करायचा होता.

सासऱ्यांना घरी सोडायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी सांगितलं. कपातला, सासऱ्यांचा आणि मावशीचा, तिघे सख्खे. मी अर्धी सुट्टी टाकून, भाषण तयार ठेवून घरी आले.

दार उघडंच होतं. सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. एका हातात माझा ग्लास, दुसऱ्या हातात सुरी, आणि त्या नेलपॉलिशचा ठिपका खरवडत होत्या. मला बघून दचकल्या.

"उद्या हे येतायत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी बघितलं तर?"

मला नाही विचारलं, सॉरी नाही म्हटलं. भीती तेवढी नवऱ्याची. माझं भाषण ओठावर आलं. "आई," मी म्हटलं, "जंतू मशीनमध्ये होते. कपात. मावशीचे आणि बाबांचे, एकच आहेत ते. लॅबचे नाहीत. माझे नाहीत."

सुरी थांबली. भाषणाचा पुढचा भाग मी सुरू करणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कपात?"

"हो. उरलेल्या औषधात."

"उरलेलं नव्हतं ते," सासूबाई म्हणाल्या. "भरून पाठवलेलं तिनं. वर प्लास्टिक, त्याला रबरबँड. फोन केला मला, ताई, भांडं रिकामं कसं पाठवू, दाजींना लागेल तेव्हा नुसतं बटण दाब." त्या माझ्याकडे नाही, ग्लासकडे बघून बोलत होत्या. "दोनेक दिवस पिशवीतच होतं तसंच. मग ह्यांना धाप लागली. मला केवढं बरं वाटलेलं, माझ्या बहिणीनं भरून पाठवलंय. मीच लावला मास्क. माझ्या हातानं."

भाषण तिथेच संपलं. आपटायचा ग्लासही त्यांच्याच हातात होता. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हटलं की मावशीला हे ऑपरेशनच्या वेळीच लागलं असणार, तिला तरी काय माहीत, तुम्हाला तरी काय माहीत. सगळं खरंच होतं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. खरवडून झाल्यावर त्यांनी ग्लास घासला आणि वरच्या फळीवर, बाकीच्यांच्यात, ठेवला. ओरखडे राहिले, ते अजून आहेत.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. अर्धे झाले होते. दोघांनी धरून त्यांना तसबिरींखालच्या खुर्चीत बसवलं. आल्या आल्या तसबिरींना हात जोडले आणि म्हणाले, "पाणी दे गं." मला म्हणाले. मी आत गेले. वरच्या फळीवर माझा ओरखडलेला ग्लास होता. आणि खाली, एका बाजूला, एकटाच एक ग्लास, सासूबाईंच्या माहेरचा, त्यांचं नाव कोरलेला. नावाच्या वर लाल ठिपका. बोट लावलं तर अजून ओला.

मी तो उचलून हॉलमध्ये आले, विचारायला. चूकच केली, तो तसाच सासऱ्यांच्या नजरेसमोर आला.

"ही खूण कसली?" ते म्हणाले.

मग दारातून सासूबाई म्हणाल्या, "माझा आहे तो. माझ्या हातचं नको तुम्हाला काही दिवस. तिला सांगा, ती देईल दुसऱ्यात."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या ओल्या पायांकडे आणि दाराबाहेरच्या बादलीकडे. पाण्याच्या खात्यात आयुष्य घालवलेला माणूस; कुठे गळतंय ते त्याला सांगावं लागत नाही.

"त्यातच आण," ते म्हणाले.

मी त्यात पाणी आणलं. ते निम्मं प्यायले, धाप लागली, थांबले. मग ग्लास सासूबाईंपुढे धरला. त्या नको नको म्हणत होत्या, पदराने तोंड झाकत होत्या, अगदी मावशीसारख्या. सासऱ्यांचा हात खाली येईना. शेवटी सासूबाईंनी तो घेतला आणि त्या उरलेलं उष्टं पाणी तिथेच, उभ्यानेच, रडत रडत प्यायल्या.

ज्याच्या छातीतून जंतू नुकताच गेलाय अशा रुग्णाचं उष्टं पिऊ नये, हे लॅबमध्ये मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. सांगायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. मी ते मिटलं, आणि त्या घरात फक्त विज्ञान चालतं याची त्या दिवशी कुणीच कुणाला आठवण करून दिली नाही.